किडनीची बायोप्सी वाचायला शिकताना

लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, पाय सुजतात, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते आणि रक्त-लघवीच्या तपासण्यांतून नेमकं कारण हाती लागत नाही, तेव्हा किडनीची बायोप्सी करावी लागते. सुईतून निघालेल्या त्या तुकड्याचं पुढे काय होतं, हे रुग्णाला सहसा कळत नाही. पॅथॉलॉजीच्या प्रशिक्षणात मी ते तुकडे हाताळायला, स्लाइड वाचायला आणि रिपोर्ट लिहायला शिकले. किडनीच्या सूक्ष्म गाळणीत, म्हणजे ग्लोमेरुलसमध्ये, वण कसा पडतो हे समजून घेणं हा त्यातला मला सगळ्यात कठीण गेलेला भाग. आणि ज्यात मी सगळ्यात जास्त गुंतले तोही हाच.

एका किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास ग्लोमेरुलस असतात. माणसागणिक हा आकडा फार बदलतो. कुणाकडे जेमतेम दोन-अडीच लाख, तर कुणाकडे वीस लाखांहूनही जास्त. एक ग्लोमेरुलस सुमारे ०.२ मिलिमीटरचा. दोन्ही किडन्यांतले सगळे मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा पुढच्या नलिका परत शोषून घेतात. नवे ग्लोमेरुलस तयार होणं बाळाच्या जन्माच्या सुमारासच थांबतं. त्यामुळे एखादा पूर्ण वणाने भरला की त्याची जागा घेणारं कुणी नसतं.

ज्या बायोप्सीवर मी हा सगळा क्रम पहिल्यांदा सलग पाहिला, ती एका तरुण रुग्णाची होती. रोज साडेतीन ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं लघवीतून जात होती, आणि स्टेरॉइडचा पुरेसा मोठा कोर्स होऊनही फरक पडलेला नव्हता. सुईतून दोन तुकडे आले होते, पांढुरके, दोऱ्याएवढे बारीक. सलाइनचा थेंब टाकून ते काचेवर ठेवायचे आणि साध्या, कमी ताकदीच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. रक्ताने भरलेले ग्लोमेरुलस तिथे लालसर ठिपक्यांसारखे उठून दिसतात. ठिपके आहेत तो कॉर्टेक्स, म्हणजे किडनीचा बाहेरचा थर. नुसत्या समांतर रेषा दिसल्या तर तो मेड्युला, म्हणजे आतला भाग, तिथे ग्लोमेरुलस नसतातच. हे पाहूनच तुकड्याची वाटणी करायची. मोठा भाग फॉर्मॅलिनमध्ये, एक भाग इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (म्हणजे ऊतीत साठलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी) वेगळ्या द्रावणात आणि एक-दोन मिलिमीटरचा कण ग्लुटराल्डिहाइडमध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. ही वाटणी सुटसुटीत वाटते, पण तिन्हीकडे ग्लोमेरुलस गेले नाहीत तर पुढचं निदान अर्धवट राहतं. ही जबाबदारी मोठी असते, कारण रुग्णाने त्या तुकड्यासाठी रक्तस्रावाचा धोका पत्करलेला असतो.

इतर अवयवांचे काप चार-पाच मायक्रॉनचे चालतात. किडनीचे दोन ते तीन मायक्रॉनचेच लागतात. काप जाड असेल तर पेशी एकमेकींवर येतात, नसलेली गर्दी दिसते आणि बारीक पडदे ओळखू येत नाहीत. आमच्या हिस्टोपॅथॉलॉजीच्या ताई मायक्रोटोमवर हे काप काढायच्या. पात्याचा कोन त्या हाताच्या अंदाजानेच जुळवायच्या, आणि त्यांच्या कापात सुरकुती मी क्वचितच पाहिली. एकापाठोपाठचे काप निरनिराळ्या स्लाइडवर घेऊन चार रंग द्यायचे: नेहमीचा एच अँड ई, मग पीएएस, सिल्व्हर आणि ट्रायक्रोम. पीएएसमध्ये केशवाहिन्यांभोवतीचा पडदा जांभळट गुलाबी दिसतो, सिल्व्हरमध्ये तोच पडदा काळ्या शाईने आखल्यासारखा स्पष्ट होतो, आणि ट्रायक्रोममध्ये कोलॅजन निळं.

पहिल्या स्लाइडवर सगळं ठीकठाक दिसत होतं. केशवाहिन्यांची वेटोळी उघडी, पडदे पातळ, पेशींची गर्दी नाही. मला शिकवणाऱ्या मॅडमनी स्लाइड सरकवत तुकड्याच्या टोकापर्यंत नेली आणि विचारलं, "मेड्युलाला लागून असलेले ग्लोमेरुलस यात आलेत का? किती?"

हे विचारण्यामागे जुना आधार आहे. नेफ्रॉटिक सिंड्रोमने, म्हणजे लघवीतून फार प्रथिनं जाऊन अंगावर सूज येण्याच्या विकाराने, दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनांवरून अर्नोल्ड रिच यांनी १९५७ साली दाखवून दिलं होतं की वण पडायला सुरुवात कॉर्टेक्सच्या तळाशी, मेड्युलाला लागून असलेल्या ग्लोमेरुलसपासून होते. सुई वरवरच गेली असेल तर नेमके तेच हुकतात. शिवाय हा आजार सगळ्या ग्लोमेरुलसना एकदम धरत नाही. थोड्यांनाच धरतो, आणि धरलेल्यांतही एखाद्याच भागाला. म्हणून त्याला फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस, एफएसजीएस, म्हणतात. समजा दहा टक्के ग्लोमेरुलस बाधित आहेत. तुकड्यात दहाच आले तर त्यांत एकही बाधित नसण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. पंचवीस आले तर तीच सात टक्क्यांवर येते. मॅडमनी हा हिशेब मला कागदावर करायला लावला होता. तेव्हापासून रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत ग्लोमेरुलसची संख्या का लिहितात, याचं महत्त्व मला कधी वेगळं सांगावं लागलं नाही.

ताईंना ब्लॉकमध्ये आणखी खोल जाऊन काप काढायला सांगितले. त्यांतल्या एका पातळीवर बाधित ग्लोमेरुलस दिसला. गोल ग्लोमेरुलसचा मोठा भाग व्यवस्थित, पण एका बाजूच्या वेटोळ्या मिटलेल्या. त्यांच्या जागी पीएएसमध्ये गडद गुलाबी, एकसंध, घट्ट पदार्थ. त्यात काचेसारखी चकाकणारी हायलिनची गाठ आणि बाजूला चरबीने फुगलेल्या फेसाळ पेशी. तो भाग बाहेरच्या आवरणाला, बोमन कॅप्सूलला, चिकटलेला होता. सिल्व्हरच्या स्लाइडवर त्या चिकटलेल्या जागी काळ्या रेघा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. आतला पडदा कुठे संपतो आणि बाहेरचं आवरण कुठे सुरू होतं, हे सांगता येत नव्हतं. मी बराच वेळ त्या गुलाबी भागाकडेच पाहत राहिले. मॅडम म्हणाल्या, "ते दिसलं ना? आता तिथे कोणत्या पेशी उरल्या नाहीत ते शोध."

त्यासाठी डब्ल्यूटी१ या प्रथिनाचा स्टेन लावला. ग्लोमेरुलसमध्ये तो प्रामुख्याने पोडोसाइटच्या, म्हणजे केशवाहिन्यांना बाहेरून वेढणाऱ्या पेशींच्या, केंद्रकांना तपकिरी रंग देतो. निरोगी भागात वेटोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला तपकिरी केंद्रकं विखुरलेली होती. घट्ट झालेल्या भागावर एकही नव्हतं. आणि जे भाग अजून उघडे, दिसायला चांगले होते, तिथेही ती विरळ झालेली होती. वणाचं कारण वणाच्या आत शोधायचं नसतं, हे मला तिथे नजरेने पटलं. ज्या पेशीमुळे हे सगळं होतं, ती तोवर जागा सोडून गेलेली असते.

पोडोसाइट ही फार वेगळी पेशी आहे. तिचं शरीर गाळलेल्या द्रवाच्या पोकळीत लोंबकळत असतं आणि तिचे फाटे केशवाहिनीला बाहेरून वेढतात. फाट्यांना पुन्हा बारीक पाय फुटतात, आणि शेजारच्या दोन पोडोसाइटचे पाय दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे बसतात. दोन पायांमधली फट साधारण ४० नॅनोमीटरची, आणि तिच्यावर प्रथिनांचा एक पातळ पडदा ताणलेला असतो. प्रौढ माणसाच्या एका ग्लोमेरुलसमध्ये अशा सुमारे ५०० ते ६०० पेशी. इथल्या केशवाहिनीतला दाब शरीरातल्या इतर केशवाहिन्यांपेक्षा बराच जास्त असतो, आणि तो दाब आयुष्यभर बाहेरून पेलून धरायचं काम याच पेशींकडे आहे. त्यांच्या पायांत ॲक्टिनच्या, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाच्या, तंतूंची भक्कम बांधणी असते, आणि इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी ते पाय खालच्या पडद्याला धरून ठेवलेले असतात.

या आजाराचं मूळ पोडोसाइटमध्ये आहे, याचा सगळ्यात ठोस पुरावा जनुकांनी दिला. १९९८ साली जन्मजात नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या बाळांमध्ये नेफ्रिनचं जनुक सापडलं. फटीवरचा तो पडदा याच प्रथिनाचा. २००० साली पोडोसिन सापडलं, जे नेफ्रिनला पेशीत जागेवर बसवतं; स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या मुलांच्या कुटुंबांत ते बिघडलेलं होतं. त्याच वर्षी अल्फा-ॲक्टिनिन-४, म्हणजे ॲक्टिनचे तंतू एकत्र बांधणारं प्रथिन. २००५ साली टीआरपीसी६, कॅल्शियम आत सोडणारी वाहिनी. कुटुंबं वेगळी, जनुकं वेगळी, पण प्रत्येक वेळी बोट एकाच पेशीकडे गेलं. २०१० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये एपीओएल१ जनुकाचे दोन प्रकार सापडले. निद्रारोगाच्या परजीवीपासून ते संरक्षण देतात, पण आई-वडील दोघांकडूनही आले तर किडनीचा धोका फार वाढवतात. आणि अलीकडे, २०२२ नंतर, काही रुग्णांच्या रक्तात थेट नेफ्रिनविरुद्धच्या प्रतिपिंडांची नोंद झाली. पूर्वी ज्याला निव्वळ 'रक्तातला कुठला तरी घटक' म्हणायचे, त्यातल्या निदान काही रुग्णांसाठी आता नाव मिळालं आहे.

पण पेशी बिघडली म्हणजे वण पडणारच का? आणि किती पेशी गेल्यावर? याचं उत्तर देणारा एक प्रयोग मला अजूनही विलक्षण वाटतो. घटसर्पाच्या जंतूचं विष माणसाच्या पेशींना मारतं, पण उंदराच्या कुळातल्या प्राण्यांच्या पेशींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, कारण ते विष जिथे चिकटतं तो ग्राहक त्यांच्यात वेगळा आहे. संशोधकांनी माणसातला तो ग्राहक प्रयोगशाळेतल्या रॅटच्या फक्त पोडोसाइटमध्ये उमटेल अशी जनुकीय व्यवस्था केली. मग विषाचा डोस कमी-जास्त करून हव्या तेवढ्याच पोडोसाइट काढून टाकता येऊ लागल्या. २००५ साली हे निष्कर्ष आले. २० टक्क्यांपर्यंत पेशी गेल्या तर थोडे दिवस प्रथिनं गळतात आणि ग्लोमेरुलस बऱ्यापैकी सावरतो. २० ते ४० टक्के गेल्या तर आवरणाला चिकटणं आणि एका भागात वण पडणं सुरू होतं. ४० टक्क्यांच्या पुढे वण पसरत जातो, गळती थांबत नाही आणि किडनीचं काम घटतं. त्या प्राण्यांना बाकी काहीच झालेलं नव्हतं. फक्त एक जातीची पेशी कमी केली होती, आणि मी स्लाइडवर पाहत होते तेच चित्र तयार झालं.

मग दुसरी पेशी तिची जागा का घेत नाही, हा प्रश्न मी मॅडमना विचारला होता. पोडोसाइट पूर्ण परिपक्व झाल्यावर विभागणं सोडून देते. इतक्या गुंतागुंतीच्या पायांनी पडद्याला धरून ठेवायचं आणि त्याच वेळी विभागण्यासाठी आतला सांगाडा मोडायचा, या दोन गोष्टी तिला एकत्र जमत नाहीत. इजा झाल्यावर काही पेशी विभागायची सुरुवात करतात, केंद्रकं दोन होतात, पण पेशी दोन होत नाही. ती पकड सोडते आणि लघवीबरोबर वाहून जाते. रुग्णांच्या लघवीत पोडोसाइट सापडतात, त्यांतल्या काही तर जिवंत असतात. उरलेल्या पेशी मोठ्या होऊन मोकळी जागा झाकायचा प्रयत्न करतात. त्याला मर्यादा आहे. ती ओलांडली की पडद्याचा काही भाग उघडा पडतो.

इथून पुढची साखळी मला स्लाइडवर प्रत्यक्ष ओळखता आली. उघडी पडलेली केशवाहिनी आतल्या दाबाने बाहेर फुगते आणि कॅप्सूलच्या आतल्या अस्तराला टेकते. त्या अस्तराच्या पेशी, पॅरायटल पेशी, एरवी चपट्या आणि शांत असतात. आता त्या जाग्या होतात, सीडी४४ नावाचं प्रथिन दाखवू लागतात, चिकटलेल्या जागेवरून पूल ओलांडल्याप्रमाणे आतल्या वेटोळ्यांवर चढतात आणि तिथे आवरणासारखाच पदार्थ घालायला लागतात. आमच्या नमुन्यात सीडी४४चा स्टेन लावला तेव्हा चिकटलेल्या जागी तपकिरी पेशींची रांग बाहेरच्या अस्तरातून सरळ वणावर आलेली दिसली. चिकटलेल्या भागातून गाळलेला द्रव मूत्रनलिकेत न जाता कॅप्सूलच्या बाहेर, ऊतींत शिरतो, असं विल्हेल्म क्रिझ यांनी काळजीपूर्वक दाखवलं आहे. अशा रीतीने एका ग्लोमेरुलसचा वण त्याच्याच नलिकेपर्यंत पोहोचतो आणि ती वाळत जाते.

वणाचा पदार्थ म्हणजे मुख्यतः कोलॅजन, फायब्रोनेक्टिन आणि लॅमिनिनसारखी पेशींबाहेरची प्रथिनं. ती घालायचा हुकूम देणारा सगळ्यात प्रभावी संदेशवाहक टीजीएफ-बीटा. तो निष्क्रिय रूपात, दुसऱ्या एका प्रथिनात गुंडाळलेला साठवलेला असतो. ताण, रक्तदाब वाढवणारं संप्रेरक अँजिओटेन्सिन-२, रक्तातली वाढलेली साखर यांनी तो मोकळा होतो किंवा जास्त तयार होतो. पेशीवरच्या ग्राहकाला चिकटला की आत स्मॅड प्रथिनं केंद्रकात जातात आणि कोलॅजनची जनुकं चालू होतात. त्याचबरोबर तो पीएआय-१ वाढवतो, आणि पीएआय-१ प्लाझ्मिन तयार होऊ देत नाही. प्लाझ्मिन हा जास्तीचा पदार्थ विरघळवण्याच्या कामातला मोठा घटक. म्हणजे घालणं वाढतं आणि काढणं घटतं, दोन्ही एकाच वेळी. १९९० साली वेन बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी रॅटमध्ये टीजीएफ-बीटाविरुद्धचा सीरम देऊन ग्लोमेरुलसमध्ये साठणारा पदार्थ कमी करून दाखवला. माणसांत मात्र थेट त्याला अडवणारी औषधं अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाहीत. हा संदेशवाहक शरीरात दाह आवरण्याचं आणि जखमा भरण्याचंही काम करतो, त्यामुळे त्याला सरसकट बंद करणं सोपं नाही.

याच काळात एका संशोधन प्रयोगशाळेत पोडोसाइट वाढवताना पाहायची संधी मिळाली. विभागत नसलेली पेशी प्लेटमध्ये वाढवायची कशी? त्यासाठी तिच्यात तापमानावर चालणारं एक विषाणूचं जनुक घालतात. ३३ अंशांवर ते चालू, पेशी विभागत राहते. ३७ अंशांवर ठेवली की ते प्रथिन मोडतं, विभागणं थांबतं आणि दहा-चौदा दिवसांत पेशी पसरून फाटे काढू लागते. उंदराच्या अशा पेशी १९९७ साली आल्या, माणसाच्या २००२ साली. ॲक्टिनला रंग देऊन बघितलं तेव्हा पेशीभर लांब, सरळ, समांतर तंतू चमकत होते. मग शेजारच्या प्लेटवर टीजीएफ-बीटा घातलेल्या पेशी पाहिल्या. तंतूंची ती मांडणी विस्कटली होती, पेशी कमी होत्या, काही गोल होऊन तरंगत होत्या. तिथल्या संशोधकाने आवर्जून सांगितलं की प्लेटमधल्या पोडोसाइटला खरे गुंफलेले पाय आणि त्यांच्यामधली फट कधीच पूर्ण तयार होत नाहीत, म्हणून इथलं प्रत्येक निरीक्षण प्राण्यांत आणि रुग्णांच्या नमुन्यांत तपासावंच लागतं. मला हा प्रामाणिकपणा फार महत्त्वाचा वाटला.

आमच्या रुग्णाचं इम्युनोफ्लुओरेसन्स लवकर झालं. अंधाऱ्या खोलीत आयजीजी, आयजीए ही प्रतिपिंडं आणि त्यांना साथ देणारं रक्तातलं प्रथिन सी१क्यू, सगळे काळे. वणाच्या भागात तेवढे आयजीएम आणि सी३ हिरवे चमकले. ते तिथे अडकून पडतात, त्यांनी आजार घडवलेला असतोच असं नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम जास्त वेळ घेतं. ग्लुटराल्डिहाइडमधला कण ऑस्मियममध्ये काळा करून रेझिनमध्ये बसवतात. आधी एक मायक्रॉनचा काप निळ्या रंगात पाहून कोणता ग्लोमेरुलस घ्यायचा ते ठरतं. मग हिऱ्याच्या पात्याने खरे काप निघतात आणि पात्यामागच्या पाण्यावर तरंगतात. ताईंनी मला तिथे बसवून दाखवलं: पाण्यावरच्या कापावर चंदेरी झाक आली तर जाडी साठ ते नव्वद नॅनोमीटर, सोनेरी आली तर जास्त. त्या फक्त चंदेरी काप उचलत. तांब्याच्या जाळीवर ते घेऊन युरेनियम आणि शिशाच्या क्षारांनी रंगवायचे. पडद्यावर चित्र आलं तेव्हा केशवाहिनीचा पडदा नीट होता, जाडी सामान्य. त्याच्या बाहेर जिथे पायांची ओळीने टोकं दिसायला हवी होती, तिथे पेशीचा सलग, सपाट थर पसरलेला होता. पाय विरून गेले होते. एका ठिकाणी पेशी पडद्यापासून सुटलेली होती आणि मधल्या जागेत नवीन पडद्याचे पातळ, असमान थर साठले होते.

पाय विरणं हे अजून परत फिरण्यासारखं असतं. मिनिमल चेंज नावाच्या, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ग्लोमेरुलस जवळजवळ सामान्य दिसणाऱ्या आजारात सगळे पाय विरतात आणि स्टेरॉइडने पुन्हा उभे राहतात. तिथे पेशी जागा सोडत नाहीत, म्हणून वणही पडत नाही. किती लांबीवर पाय विरलेत, यावरून कारणाचाही अंदाज येतो. बहुतेक सगळीकडे विरले असतील तर मूळ आजार पोडोसाइटचा असण्याकडे कल जातो. ठिकठिकाणी, तुकड्यातुकड्यांत विरले असतील, ग्लोमेरुलस आकाराने मोठे झाले असतील आणि वण वेटोळ्यांच्या मुळाशी असेल, तर दुसऱ्याच कारणाने आलेल्या जास्तीच्या भाराचा विचार करायचा.

हा भार कसा पडतो ते बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास रॅटवर दाखवलं. किडनीचा मोठा भाग काढून टाकला की उरलेले ग्लोमेरुलस जास्त दाबाने, जास्त द्रव गाळू लागतात. सुरुवातीला आकडे चांगले दिसतात. पण वाढलेल्या ग्लोमेरुलसमध्ये पोडोसाइट तेवढ्याच राहतात, प्रत्येकीच्या वाट्याला येणारं क्षेत्र वाढतं, त्या सुटतात आणि निरोगी असलेल्या गाळण्यांतही वण पडतो. मूळ कारण संपल्यावरही आजार पुढे सरकत राहतो, तो यामुळे. अँजिओटेन्सिन अडवणारी औषधं बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करून हा दाब उतरवतात. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांत कॅप्टोप्रिलने किडनी जास्त काळ टिकते, हे १९९३ साली मोठ्या चाचणीत दिसलं. एसजीएलटी२ रोखणारी, मूळची मधुमेहाची औषधं आत येणाऱ्या वाहिनीच्या बाजूने दाब उतरवतात. डापाग्लिफ्लोझिनची चाचणी २०२० साली आली आणि मधुमेह नसलेल्या किडनीच्या रुग्णांनाही तिच्यात फायदा दिसला. लघवीतली प्रथिनं थोडीशीच असताना गोळ्या का घ्यायच्या, असं रुग्ण विचारतात. स्लाइडवर जे पाहिलंय त्यानंतर मला त्या गोळ्यांचं मोल फार वाटतं. उरलेल्या पेशींवरचा भार त्या रोज कमी करत असतात.

वण कधी विरघळतो का? मधुमेहातल्या ग्लोमेरुलसवरून याबद्दल एक आशेची नोंद आहे. तिथे केशवाहिन्यांना मधून आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी पदार्थ घालत जातात आणि पुढे गोल गाठी तयार होतात. किमेलस्टील आणि विल्सन यांनी १९३६ साली त्यांचं वर्णन केलं. टाइप १ मधुमेह असलेल्या आठ रुग्णांमध्ये स्वादुपिंडाचं प्रत्यारोपण होऊन साखर पूर्ण आटोक्यात आली. पाच वर्षांनी त्यांच्या बायोप्सीत काही फरक नव्हता. दहा वर्षांनी जाड झालेला पडदा पुन्हा पातळ झाला होता आणि साठलेला पदार्थ कमी झाला होता. १९९८ साली हे प्रसिद्ध झालं. पाच वर्षांनीच निष्कर्ष काढला असता तर उत्तर 'नाही' असं आलं असतं. साठलेला पदार्थ शरीर काढू शकतं, फक्त घालण्याचं कारण थांबावं लागतं आणि वेळ द्यावा लागतो. पूर्ण मिटलेल्या, पोडोसाइट नसलेल्या ग्लोमेरुलसबद्दल हे म्हणता येत नाही.

आमच्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये आम्ही एकूण ग्लोमेरुलसची संख्या लिहिली, त्यांतले पूर्ण वणाने भरलेले किती, एका भागात वण असलेले किती, वणाची जागा कोणती, पाय बहुतेक सगळीकडे विरलेले, आणि नलिकांभोवतीचा तंतूंचा वण कॉर्टेक्सच्या किती टक्क्यांत आहे, तेही. तो शेवटचा आकडा मॅडम कधीही गाळू देत नाहीत. पुढे किडनी किती टिकेल याचा अंदाज ग्लोमेरुलसपेक्षा त्यावरूनच जास्त चांगला येतो. नेफ्रॉलॉजिस्टबरोबर बसून स्लाइड पाहताना त्यांनी विचारलं की स्टेरॉइडला दाद नाही आणि पाय सगळीकडे विरलेत, तर जनुकीय तपासणी करावी का. जनुकातच दोष असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी जड औषधं देऊन उपयोग क्वचितच होतो, फक्त त्यांचे दुष्परिणाम वाट्याला येतात. पोडोसाइटच्या जनुकांची तपासणी आणि नेफ्रिनविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी, दोन्हींसाठी रक्त पाठवायचं ठरलं, आणि निकाल येईपर्यंत पुढचं औषध थांबवून दाब उतरवणाऱ्या गोळ्या सुरू ठेवल्या गेल्या.